फ्यूज नेमका कोणाला वाचवतो?

विद्युतधारेच्या उष्णताजनक परिणामाचा पाठ संपत आला की शेवटी फ्यूज येतो. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत वितळतार. ती कमी द्रवणांकाच्या मिश्रधातूची असते, ती परिपथात एकसर जोडतात, धारा प्रमाणाबाहेर वाढली की ती वितळते आणि त्यामुळे उपकरणाचे रक्षण होते. विद्यार्थ्याने एवढे लिहिले की त्याला पूर्ण गुण मिळतात. या उत्तरातली पहिली तीन विधाने ठीक आहेत. चौथ्याबद्दल मात्र तक्रार आहे, आणि ती केवळ शब्दांपुरती नाही. ‘उपकरणाचे रक्षण’ ही समजूत घेऊन शाळेबाहेर पडलेला विद्यार्थी पुढे फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळतो, तेव्हा त्याच्या चुकीत आपल्या शिकवण्याचाही वाटा असतो.

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या २०१८ साली आलेल्या पुस्तकात ‘विद्युतधारेचे परिणाम’ नावाचा पाठ आहे. हा पाठ वर्गात शिकवताना आपण जवळजवळ नेहमीच घरातल्या विजेचे उदाहरण घेतो. ते स्वाभाविक आहे, पण सोयीचे नाही. घरातल्या तारा भिंतीत गाडलेल्या असतात, जनित्र शेकडो किलोमीटर दूर असते, आणि २३० व्होल्टच्या परिपथाला विद्यार्थ्याने हात लावावा असे कोणी म्हणणार नाही. याउलट जुन्या मोटारीत संपूर्ण वीजघर बॉनेटखाली मावते. जनित्र, साठा, वितरण, दिवे, चलित्र आणि या सर्वांचे रक्षण करणारी साधने तिथे डोळ्यांना दिसतात. म्हणून आपल्या फ्यूजच्या पाठाची परीक्षा जुन्या मोटारीच्या कसोटीवर घेऊन पाहू.

उदाहरणासाठी फार लांब जायला नको. बुलढाणा जिल्ह्यात अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी आणि महिंद्राच्या जीपगाड्यांनी कित्येक वर्षे राजूर घाट चढला-उतरला. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली. तरीही या पिढीतल्या गाड्यांचे डायनामो, कटआउट आणि सेल्फ ओळखणारे जुने मेकॅनिक खामगाव-मलकापूरसारख्या गावांत अजून भेटतात. जुन्या ट्रॅक्टरवरही हीच मंडळी आढळतात.

तारेचा पहारेकरी

आधी मूळ प्रश्न घेऊ. १२ व्होल्टच्या गाडीत ३६ वॉटचे दोन हेडलाइट आहेत. दोन्ही मिळून ७२ वॉट, म्हणजे ६ अँपिअर धारा. बॅटरीपासून दिव्यापर्यंत १.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार गेली आहे. तिचा रोध दर मीटरला सुमारे ०.०११ ओहम. ६ अँपिअर धारेला एका मीटरमध्ये निर्माण होणारी उष्णता अर्ध्या वॉटहूनही कमी. तार थंड राहते.

आता बॅटरीपासून तीन मीटरवर तारेचे आवरण घासून गेले आणि तांबे गाडीच्या सांगाड्याला टेकले असे समजा. मोटारीत परतीची तार बहुधा नसते; लोखंडी सांगाडा हाच परतीचा मार्ग असतो. म्हणजे बॅटरीची दोन टोके केवळ तीन मीटर तांब्याने जोडली गेली. तारेचा रोध ०.०३४ ओहम, बॅटरीचा अंतर्गत रोध सुमारे ०.०१ ओहम. १२.६ व्होल्टला ०.०४४ ने भागा. धारा जवळजवळ २८५ अँपिअर! आता एका मीटर तारेत निर्माण होणारी उष्णता ९०० वॉटच्या वर जाते. कपड्यांची इस्त्री जेवढी शक्ती घेते तेवढी, एका मीटर बारीक तारेत. त्या एका मीटरमध्ये तांबे फक्त १३-१४ ग्रॅम असते. तांब्याची विशिष्ट उष्णता घेऊन विद्यार्थ्यांनाच गणित करू द्या. पहिल्या सेकंदातच तापमान दीडशे अंशांहून अधिक वाढू पाहते. जुन्या गाड्यांतल्या तारांवर रबराचे व त्यावर सुती विणीचे आवरण असे. पुढे प्लास्टिक आले. यांपैकी कोणतेही एवढ्यात टिकत नाही.

या सगळ्या प्रकारात दिव्याचे काय झाले? काहीच नाही. दिव्याला धारा मिळालीच नाही. तो विझला आणि सुरक्षित राहिला. जळाली ती तार, आणि तिच्याबरोबर जुडग्यातल्या शेजारच्या तारा. फ्यूज असता तर त्याने वाचवले असते ते तारेला. म्हणून फ्यूजची निवड दिव्यावरून करायची नसते. दिव्याची नेहमीची धारा आणि तारेची सुरक्षित मर्यादा यांच्या मध्ये तो बसवायचा असतो. आपल्या उदाहरणात ६ अँपिअरचा भार आहे. ही तार साधारण १५ अँपिअर सुखाने सोसते असे धरले, तर १० अँपिअरचा फ्यूज योग्य. त्याच जागी ३५ अँपिअरचा लावला, तर ३० अँपिअरचा दोष फ्यूजच्या डोळ्यांदेखत तारेचे जुडगे शिजवत राहील.

इथे आकड्यांचाही एक घोळ आहे. इंग्लंडच्या लुकास कंपनीच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर ‘३५’ छापलेले असे. त्याचा अर्थ, ३५ अँपिअरला तो उडेल. सतत वाहू द्यायची धारा त्याच्या निम्मी, साडेसतरा अँपिअर. अमेरिकन पद्धतीच्या फ्यूजवर मात्र सतत वाहणाऱ्या धारेची मर्यादा छापतात. म्हणजे ३५ काढून ३५ च लावणारा माणूसही नकळत तारेवरचा पहारा निम्मा ढिला करतो.

फोर्डच्या ‘मॉडेल टी’ (१९०८ ते १९२७) आणि त्यानंतरच्या ‘मॉडेल ए’ या गाड्यांत कारखान्यातून एकही फ्यूज येत नसे. आज त्या गाड्या सांभाळणारे शौकीन पहिली दुरुस्ती करतात ती बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य तारेत एक फ्यूज बसवण्याची. फ्यूज शक्य तितका बॅटरीजवळ का बसवतात, हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. फ्यूजच्या अलीकडच्या तारेला फ्यूज वाचवू शकत नाही, हे उत्तर मुलांना सुचले पाहिजे. आपल्या पाठाचा सारा रोख ‘फ्यूज कशाचा बनतो’ यावर असतो. ‘तो कुठे बसतो’ हा त्याहून मोलाचा प्रश्न राहूनच जातो.

फ्यूजला न दिसणाऱ्या गोष्टी

फ्यूज एकच गोष्ट जाणतो: धारा किती आहे. परिपथाला होणारी इजा मात्र अनेक वाटांनी येते.

पहिली वाट विभवांतराची. १९१५ पासून मॉडेल टी मध्ये विजेचे हेडलाइट आले. त्यांना वीज मिळे ती इंजिनच्या गतिचक्रावर बसवलेल्या स्थायी चुंबकांच्या जनित्राकडून, मधे बॅटरी नसे. इंजिन हळू चालले की दिवे मिणमिणत आणि वेग वाढला की भगभगत. विभवांतर थोडे वाढले तरी दिव्याच्या आयुष्यावर भयंकर परिणाम होतो. १२ व्होल्टच्या दिव्याला १६ व्होल्ट मिळाले, तर तापलेल्या टंगस्टनचा रोध वाढत असल्याने धारा जेमतेम १५-२० टक्के वाढते. दिव्याचे आयुष्य मात्र काही टक्क्यांवर येते. तीनऐवजी साडेतीन अँपिअर वाहिले म्हणून १० अँपिअरचा फ्यूज कशाला जागा होईल? उपकरणाचे रक्षण करणारा फ्यूज उपकरण जळताना स्वस्थ बसलेला असतो.

दुसरी वाट सैल जोडाची. हेडलाइटच्या त्याच परिपथात गंजलेल्या टर्मिनलमुळे अर्धा ओहम रोध वाढला असे समजा. दिव्यांचा रोध मिळून दोन ओहम; आता एकूण अडीच. धारा सहावरून ४.८ अँपिअरवर उतरली. फ्यूजच्या दृष्टीने परिस्थिती सुधारली! परंतु त्या जोडापाशी ४.८ चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे ११ वॉटहून जास्त उष्णता नखाएवढ्या जागेत निर्माण होत आहे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली कैय्या साधारण २५ वॉटची असते. तिच्या जवळजवळ निम्मी उष्णता प्लास्टिकच्या आवरणात कोंडली गेली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. जुन्या ६ व्होल्टच्या गाड्यांत हा त्रास अधिक. तेवढ्याच वॉटसाठी धारा दुप्पट लागते, आणि धारा दुप्पट झाली की त्याच तारेत वाया जाणारी उष्णता चौपट होते. मोटार उद्योग ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेला त्यामागचे एक कारण या वर्गाच्या सूत्रातच आहे.

तिसरी वाट धारेच्या दिशेची. डायनामो बॅटरी भरतो, पण इंजिन मंदावले की डायनामोचे विभवांतर बॅटरीहून कमी होते. मग धारा उलट वाहू लागते. बॅटरी डायनामोला चलित्रासारखी फिरवू पाहते. पट्ट्याने इंजिनला बांधलेला डायनामो फिरू शकत नाही. त्याची गुंडाळी तापून जळते आणि बॅटरी रिकामी होते. फ्लेमिंगचे डावा-उजवा हात नियम आपण घोकून घेतो. जनित्र आणि चलित्र ही एकाच यंत्राची दोन रूपे आहेत, हे सांगायला याहून चांगले उदाहरण कोणते?

चार पहारेकरी, चार प्रश्न

जुन्या मोटारीच्या रचनाकारांनी या प्रत्येक वाटेवर वेगळा पहारेकरी बसवला. ‘धारा किती?’ हे फ्यूज पाहतो. ‘धारा कोणत्या दिशेने?’ हे कटआउट पाहतो. कटआउट म्हणजे एका विद्युतचुंबकावर दोन वेटोळी. बारीक तारेच्या वेटोळ्याला डायनामोचे विभवांतर मिळते; ते सुमारे १३ व्होल्टला पोचले की पट्टी ओढली जाऊन परिपथ जुळतो. जाड तारेच्या वेटोळ्यातून प्रत्यक्ष धारा वाहते. ती उलटी झाली की तिचे चुंबकीय क्षेत्र पहिल्याच्या विरुद्ध होते, पकड सुटते आणि स्प्रिंग परिपथ तोडते. दहावीच्या विद्यार्थ्याला समजावे इतके हे सोपे आहे.

‘विभवांतर किती?’ हे रेग्युलेटर पाहतो. विभवांतर वाढले की तो डायनामोच्या चुंबकगुंडाळीत रोध घालतो, उतरले की काढतो, सेकंदाला अनेकदा. ‘बदल किती वेगाने?’ हे पाहणारा चौथा पहारेकरी म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधला कंडेन्सर, सुमारे ०.२ मायक्रोफॅरडचा. पॉइंट उघडताच इग्निशन कॉइलमधली धारा तुटते, आणि स्वप्रवर्तनामुळे पॉइंटांमध्ये ठिणगी उडू पाहते. कंडेन्सर ती धारा क्षणभर आपल्याकडे वळवतो. त्यामुळे पॉइंट जळत नाहीत आणि धारा झटकन तुटल्याने प्लगपाशी ठिणगी जोरकस पडते.

पाचवा पहारेकरी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो म्हणजे स्वतः बॅटरी. मॉडेल टी मध्ये १९१९ पासून सेल्फ आणि बॅटरी आली, त्याबरोबर डायनामोही आला, पण विभवांतराचा रेग्युलेटर नव्हता. बॅटरी जोडलेली असेपर्यंत ती विभवांतर आवरून धरी. ती काढून इंजिन चालवले की डायनामोचे विभवांतर भरमसाट वाढे व तो स्वतःच जळे. आजच्या अल्टरनेटरलाही हा धोका आहे. पूर्ण भाराने चार्जिंग सुरू असताना बॅटरीची तार सुटली, तर १२ व्होल्टच्या गाडीत क्षणभर ८०-१०० व्होल्टपर्यंत उसळी येऊ शकते. तरीही ‘चार्जिंग होते का पाहू’ म्हणून चालू इंजिनवर बॅटरीची तार काढण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या गाडीत ही तपासणी चांगलीच महाग पडते. तेच काम पाचशे रुपयांचा मल्टिमीटर बॅटरी न काढता करतो.

कारणाशिवाय नियम

शाळेत व्याख्या पाठ होते आणि गॅरेजात नियम पाठ होतो. दोन्हीकडे कारण गळून पडते. ‘बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह काढायची’ हा असाच एक नियम. आजच्या गाडीला तो लागू पडतो. परंतु १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या बहुतेक गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. अमेरिकेच्या मॉडेल ए मध्येही तसेच. त्या गाडीवर हा नियम पाळणारा माणूस नेमकी उलटी गोष्ट करतो. सांगाड्याला न जोडलेले टोक सोडवताना त्याचा पाना बॉडीला टेकला की पाना, टोक आणि सांगाडा मिळून परिपथ पूर्ण होतो. शेकडो अँपिअर वाहतात. पाना लाल होतो, आणि नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असेल तर स्फोट होतो.

खरा नियम असा: सांगाड्याला जोडलेली तार आधी काढा व शेवटी लावा. ती काढताना पाना बॉडीला टेकला तरी बिघडत नाही, कारण दोन्ही आधीच एका विभवावर आहेत. ती निघाली की बॅटरीचा सांगाड्याशी संबंध तुटतो. मग दुसरे टोक काढताना पाना कुठेही लागू द्या. कारण कळलेला विद्यार्थी दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर चुकणार नाही. नियम घोकलेला त्यांपैकी एका प्रकारावर हमखास चुकेल.

‘शॉर्ट सर्किट’ नावाचे उत्तर

वाहन पेटले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठरलेले वाक्य येते: आग शॉर्ट सर्किटमुळे लागल्याचा अंदाज आहे. हे वाक्य वाचून कोणाचेही समाधान होते, कारण पुढे विचारायचे काही उरत नाही. खरे तर विचारायला तिथूनच सुरुवात व्हायला हवी. फ्यूज होता का? किती अँपिअरचा होता? नंतर बसवलेल्या दिव्यांची, हॉर्नची, टेपची तार फ्यूजच्या अलीकडून घेतली होती का? की जोड सैल होता, आणि धारा वाढलीच नाही?

शिवाय प्रत्येक आग विजेची नसते. १ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. २५ माणसे गेली. तिथे अपघात आधी झाला आणि आग नंतर लागली. पेटले ते डिझेल. कारणांची सरमिसळ केली की उपायांचीही होते. ज्या विद्यार्थ्याला ‘आग का लागली’ आणि ‘आग का पसरली’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे कळले, त्याने विज्ञानातली एक महत्त्वाची शिस्त शिकली.

पाठाची बाजू

पाठावर अन्याय होऊ नये म्हणून त्याची बाजूही मांडली पाहिजे. फ्यूजने उपकरणाचे रक्षण कधीच होत नाही असे नाही. जॅम झालेल्या चलित्राची धारा वाढते, तेव्हा योग्य फ्यूज त्याची गुंडाळी वाचवू शकतो. पण तो फायदा ओघाने मिळालेला आहे. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: फ्यूज माणसाला वाचवण्यासाठी नसतो. शरीरातून काही दशक मिलिअँपिअर धारा गेली तरी प्राणावर बेतते, आणि ५ अँपिअरच्या फ्यूजला तिची दखलही लागत नाही. त्यासाठी घरात ३० मिलिअँपिअरला परिपथ तोडणारे वेगळे साधन बसवतात. या भेदाबद्दल वर्गात बोलले गेले नाही, तर ‘फ्यूज आहे ना, मग काय होते’ असे म्हणत शेतातल्या मोटारीच्या पेटीत हात घालणारा माणूस आपणच तयार करतो.

तासिका थोड्या असतात आणि अभ्यासक्रम लांबलचक, हे मान्य. पण इथे नवीन धडा वाढवायला नको; फक्त प्रश्न बदलायचा आहे. ‘वितळतार म्हणजे काय?’ याऐवजी ‘६ अँपिअरचा भार आणि १५ अँपिअर सोसणारी तार यांच्यासाठी २, १० व ३० अँपिअरपैकी कोणता फ्यूज लावाल? उरलेले दोन का नकोत?’ असे विचारा. प्रयोगासाठी मोटारीची बॅटरी वर्गात आणू नका. टॉर्चचे चार सेल, एक छोटा दिवा आणि भांडी घासायच्या लोखंडी काथ्यातले एक-दोन धागे पुरतात. पत्र्यावर मांडणी करा, दिवा लावा, मग दिव्याची दोन टोके तारेने जोडा. धागा लाल होऊन तुटेल. दिवा मात्र शाबूत असेल. ‘मग वाचले कोण, आणि धागा नसता तर जळले कोण असते?’ एवढेच विचारा आणि उत्तर मुलांकडून येऊ द्या.

मग एखाद्या शनिवारी मुलांना गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. डायनामोची जुनी गाडी किंवा ट्रॅक्टर दुरुस्तीला आला असेल तो दिवस निवडा. कटआउटचे झाकण काढून पट्टी कशी ओढली जाते ते मुलांना पाहू द्या. त्या कारागिराला सारे नियम ठाऊक असतात, मुलांना सूत्रे ठाऊक असतात. दोघांना एका बॉनेटवर वाकून बोलू दिले, तर कारण दोघांच्याही हाती लागेल.